बैल दिसतो, मालक दिसत नाही

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना पहिली चित्रफीत-बातमी करायला सांगितली, की दोन विषय हमखास येतात : वृद्धाश्रम आणि गोशाळा. दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, आणि पाहणाऱ्याचे मन चटकन हेलावते. यवतमाळ जिल्ह्यातील चार मुलामुलींचा गट गोशाळेचा विषय घेऊन आला, तेव्हा त्यांची बातमी जायच्या आधीच तयार होती. मुकी जनावरे, दानशूर माणसे आणि मागे बासरी. शिकवण्याच्या निमित्ताने मीही त्यांच्याबरोबर गेलो.

आमच्या विदर्भात गोशाळेला ‘गोरक्षण’ म्हणण्याची जुनी रीत आहे. अकोल्यात तर त्या नावाचा रस्ताच आहे. गाडगेबाबांनी मूर्तिजापूरला गोरक्षणाचे काम केले. त्यांच्या दशसूत्रीत भुकेलेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी यांच्याच रांगेत पशुपक्ष्यांना आणि मुक्या प्राण्यांना अभय आहे. तेव्हा या संस्थांमागची करुणा खोटी नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिल्या दिवशी मुलांनी भरपूर चित्रण केले. वासराला चाटणारी गाय, गूळ भरवणाऱ्या बाया, देणगीदारांच्या नावांचा फलक. त्यात एकही दृश्य खोटे नव्हते. पण गटातली एक मुलगी शेतकऱ्याच्या घरातली. ती मागच्या गोठ्यात रेंगाळली आणि परत येऊन म्हणाली, “सर, इथं गाईंपेक्षा बैल जास्त आहेत. खांद्यावर जुवाचे घट्टे आहेत त्यांच्या. हे कुणी आणून सोडले?”

खरी बातमी त्या घट्ट्यांपाशी सुरू झाली.

महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती. निकामी ठरलेल्या बैलाला दाखल्यानंतर परवानगी मिळे. १९९५ साली विधिमंडळाने बैल आणि वळूही बंदीत आणले. राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१५ उजाडले. कत्तलीसाठी जनावर विकले, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली. परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगण्यावरचे कलम मात्र रद्द केले.

कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे. मुलांना मी त्या वादात न शिरता शेतकऱ्याचा हिशेब मांडायला सांगितला. म्हातारा बैल विकायचा, त्यात थोडी भर घालायची आणि नवी जोडी दावणीला आणायची, असे हे चक्र होते. म्हाताऱ्या बैलाचा भाव गेला आणि चक्र अडले. त्यातच ट्रॅक्टर आला. ज्वारी होती तोवर घरचा कडबा होता. तिच्या जागी सोयाबीन वाढले आणि उरले ते कुटार. काम करो वा न करो, मोठ्या बैलाला दिवसाला पाच-सहा किलो तरी कोरडी वैरण लागतेच.

गोरक्षणात बैल दोन वाटांनी येतात. एक पोलिसांच्या गाडीमागून. वाहतुकीत पकडलेले जनावर खटला संपेपर्यंत ‘मुद्देमाल’ म्हणून ठेवतात. जिवंत प्राण्याला लावलेला हा शब्द ऐकून मुले चपापली. दुसरी वाट निमूट असते. शेतकरी स्वतः बैल आणतो, दावे काढून घेतो आणि मागे न बघता निघून जातो.

असा एक शेतकरी मुलांनी शोधून काढला. तो अर्धा तास बोलला. पोळ्याला शिंगे रंगवली, झूल घातली आणि महिन्याभराने त्याच बैलाला इथे पोचवले, हे सांगताना त्याचा आवाज एकदाच अडखळला. कॅमेरा निघाला, तसा तो उठला. “बैल दाखवा, मले नोका दाखवू. लोक म्हणतीन, पोसता नाही आला.”

परतताना मुलांत भांडण झाले. एकाचे म्हणणे, मालकाच्या ‘बाईट’शिवाय बातमी लंगडी, खिशातल्या मोबाइलवर आवाज घेतला असता तर कुणाला कळले असते? त्या मुलीने साफ नकार दिला. गावात आवाजही ओळखतात, आपण निघून जाऊ आणि त्याला तिथेच राहायचे आहे, असे ती म्हणाली.

हा प्रश्न या जिल्ह्यात साधा नाही. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्याच्या आगेमागे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी यवतमाळच्या ओसऱ्यांवर कितीतरी कॅमेरे येऊन गेले. कॅमेरा काय नेतो, हे इथल्या माणसाला चांगले ठाऊक आहे.

शेवटी मुले त्याच्याकडे पुन्हा गेली. त्याच्या परवानगीने त्याचे म्हणणे त्या मुलीने स्वतःच्या आवाजात सांगितले. पडद्यावर रिकामी दावण आणि खुंटीवरची झूल, तीही चेहरामोहरा, घर, गाव काहीही ओळखू येऊ न देता.

मग हिशेब आला. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी पन्नास रुपयांचे अनुदान ठरवले. मुलांनी व्यवस्थापकांना विचारले, पन्नासात भागते का? आणि बैलांचे कसे? त्यांनी रागावून न जाता वैरणीची वही पुढे केली. “अनुदान येईल तेव्हा येईल, वैरण रोज लागते,” एवढेच बोलले. शेजारच्या वर्ध्याला गांधीजींच्या प्रेरणेने जमनालाल बजाजांनी गोसेवा संघाचे काम हाती घेतले, तेव्हाही हीच चिंता होती. दूध, चांगली पैदास आणि मेल्या जनावराचे चामडे यांचा मेळ बसल्याशिवाय नुसत्या दानावर गोरक्षण टिकत नाही, असे गांधीजी सांगत. बजाज १९४२ साली गेले. तो प्रश्न अजून आहे.

तयार झालेली बातमी चार मिनिटांची आहे. बासरी मुलांनीच काढून टाकली. गुळाचे दृश्य राहिले, घट्ट्यांचेही राहिले. पाहणाऱ्यांपैकी एकाने विचारले, यात दोषी कोण ते सांगितलेच नाही. मुले म्हणाली, अजून आम्हाला बैलबाजार करायचा आहे. तिथे मालकही भेटेल आणि भावही कळेल.