नाकावरचा डाग आणि छातीतली धडधड

चिकुनगुन्या म्हटले की सांधेदुखी आठवते. १९५२ साली आजच्या टांझानियात या आजाराची साथ आली, तेव्हा तिथल्या माकोंदे भाषेतूनच त्याला नाव मिळाले. अर्थ असा की, माणसाला वाकवणारा. आपल्या राज्याने १९७३ मध्ये बार्शीला त्याची साथ पाहिली. पुढे २००६ मध्ये धुळ्याशेजारच्या मालेगावातही घरोघरी माणसे आडवी झाली. उकिडवे बसणे, जिना चढणे, सजद्याला जाणे, सारेच कठीण झाले.

पण हा विषाणू सांध्यांवर थांबतोच असे नाही. तापात अंगावर पुरळ उठते, खाज सुटते, तोंडात फोड येतात. तान्ह्या बाळाच्या अंगावर पाण्याचे फोड आले तर घरगुती लेप न लावता त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. काहींचे तर ताप उतरल्यावर नाक आणि गाल काळवंडतात. २०२४ च्या साथीत पुणे, नागपूरकडे असे रुग्ण दिसले.

आपल्याकडे नाक म्हणजे अब्रू. त्यामुळे घरात घबराट होते. कुणी यकृत बिघडल्याचे सांगतो, कुणी दुकानातून गोरे करणारे मलम आणतो. प्रत्यक्षात दाहामुळे त्वचेतले रंगद्रव्य वाढलेले असते आणि बहुतेकांचा डाग काही महिन्यांत फिका होतो. स्टिरॉइडचे मलम मनाने चोळले तर मात्र त्वचा पातळ होते, मुरुमे येतात.

खरी काळजी हवी ती न दिसणाऱ्या जागेची. क्वचित विषाणूमुळे, किंवा त्याच्याशी लढणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे, हृदयाच्या स्नायूला सूज येते. ठोके चुकतात, रक्त ढकलण्याची ताकद घटते. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ च्या साथीत डॉक्टरांनी वेगळ्या लक्षणांचे ६०० हून अधिक रुग्ण नोंदवले. त्यांत हृदयाचे रुग्णही होते. वयस्कर, मधुमेही, रक्तदाबाचे आणि जुने हृदयरोगी यांनी अधिक जपावे. पण तरुणांनाही सूट नाही.

घात होतो तो एका शब्दाने: ‘अशक्तपणा’. तापात किंवा तापानंतर छातीत दुखले, धडधडले, थोडे चालताच धाप लागली, भोवळ आली, पायांवर सूज आली, तर सलाईन लावून घरी पडू नका. हृदयाचा आलेख काढून घ्या. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो. खान्देशात पाणी साठवावेच लागते आणि उन्हाळ्यात कूलरही लागतोच. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, टाकी, कूलर रिकामे करून आतून घासा, कोरडे होऊ द्या आणि मगच भरा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

नाकावरचा डाग सगळ्यांना दिसतो. छातीतली धडधड ज्याची त्यालाच कळते. ती त्याने बोलून दाखवावी आणि घरच्यांनी ऐकून घ्यावी.