खेळातला खून आणि मनाची संमती

कॅथलिक घरातले मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की पहिल्या कुमसाराची तयारी करते. कुमसार म्हणजे धर्मगुरूंपुढे केलेले पापनिवेदन. त्याआधी मुलाला दहा आज्ञा शिकवतात आणि एकेक आज्ञा समोर ठेवून स्वतःचे मन तपासायला सांगतात. खोटे बोललो का, आईला उलट उत्तर दिले का, भावाची वस्तू न विचारता घेतली का. पाचवी आज्ञा खून करू नये अशी आहे. तिथे पूर्वी मुलाला थांबण्याचे काही कारण नव्हते. आता मात्र त्याच मुलाने आदल्या संध्याकाळी मोबाइलवर पंधरा माणसे मारलेली असू शकतात. ती सांगायची की नाही?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो; पण नीट पाहिले तर तो मोठ्यांनाही सहज सुटत नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही. मी राहतो त्या तळेऱ्याच्या दक्षिणेला मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यात कॅथलिक वस्ती जुनी आहे. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा वेगळा धर्मप्रांत झाला आणि बिशपांचे आसन सावंतवाडीला आले. या शेजाऱ्यांचा नीतिविचार मी वाचू लागलो, त्याला एक कारण होते. मुलांच्या हातातल्या बंदुकीच्या खेळांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, बंदी घाला. दुसरा म्हणतो, खेळच तर आहे. या दोन सुरांच्या मधली जमीन कॅथलिक परंपरेने कित्येक शतके कसलेली आहे. त्या मशागतीतून आपल्या हाती काय लागते, ते इथे मांडतो.

बंदीने काय साधले

फेब्रुवारी २०१९ मध्ये गोव्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी पबजी हा घराघरात शिरलेला राक्षस आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. पुढच्याच महिन्यात गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी या खेळावर बंदी घातली आणि खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी आणली, त्यात पबजी मोबाइल होता. मात्र त्या आदेशात कारण दिले होते ते देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व यांचे. खेळातल्या हिंसेशी त्याचा संबंध नव्हता.

२०२१ साली तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आला. येताना काही बदल झाले होते. रक्त लालऐवजी हिरवे दिसू लागले. ‘किल’ हा शब्द जाऊन ‘फिनिश’ आला. हे खरे जग नव्हे, अशी सूचना आली. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. म्हणजे नैतिक प्रश्नाला उत्तर मिळाले ते रंगाचे आणि शब्दाचे. रक्त हिरवे केले की मारणे सौम्य होते का? कॅथलिक परंपरेला हा प्रश्न घातला, तर ती आधी उलट विचारील की मारणे म्हणजे नेमके काय घडले.

कृती, हेतू, परिस्थिती

कॅथलिक नीतिशास्त्र कोणत्याही कर्माचा निवाडा तीन गोष्टी पाहून करते: प्रत्यक्ष कृती कोणती, हेतू कोणता आणि परिस्थिती कोणती. यांतली पहिली कसोटी लावली तर पडद्यावरच्या खेळात कोणी मरत नाही. आकृती पडते, पुढच्या डावात उठते. पाचव्या आज्ञेचा सरळ भंग इथे होत नाही.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते गोव्यातल्या धिरयोवरून कळते. बैलांच्या या झुंजी सासष्टीच्या कॅथलिक गावांतही अतिशय लोकप्रिय होत्या. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांवर बंदी आणली. झुंजीत खरे शिंग खऱ्या पोटात घुसते. पोप पाचवे पायस यांनी तर १५६७ सालीच माणूस आणि बैल यांच्या जीवघेण्या झुंजींविरुद्ध फर्मान काढले होते आणि त्या भरवणाऱ्या राजेरजवाड्यांना बहिष्काराची शिक्षा सांगितली होती. तिथे आक्षेप होता तो खेळापायी खरा जीव पणाला लावण्याला.

दशावताराचे मात्र तसे नाही. सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री रंगमंचावर तलवारी खणखणतात, राक्षस कोसळतो, आणि पहाटे तोच राक्षस रंग पुसून चहा पितो. त्या नटाला किंवा प्रेक्षकाला कोणी खुनी म्हणत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नटाचा व्यवसाय स्वतःहून पापाचा नाही, असा निर्णय दिला तो याच अंगाने. फक्त नटाने खेळ मर्यादेत ठेवावा, अशी अट त्यांनी घातली.

शिवाय हिंसा दाखवूच नये, असे म्हणण्याची सोय कॅथलिकांना नाही. त्यांच्या वेदीवर खिळे ठोकलेला देह आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. मराठी ओव्यांच्या या ग्रंथात ख्रिस्ताचे क्रूसावरचे मरण येते. ऐकणाऱ्याने ते वर्णन ऐकावे आणि त्याचे मन कळवळावे, हाच तिथे उद्देश आहे.

आनंद कशाचा

इथपर्यंत ‘खेळच तर आहे’ म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम दिसते. पण डोंगरावरच्या प्रवचनात येशूने खून न करण्याची आज्ञा आतल्या बाजूला वळवली. भावावर धरलेला राग आणि त्याला घातलेली शिवी यांनाही त्याने जाब विचारला. तेव्हापासून या परंपरेत हाताइतकेच मनालाही उत्तर द्यावे लागते.

मग मनातल्या प्रत्येक चित्राचे पाप होते का? अक्वायनस यांनी इथे एक भेद केला आहे आणि माझ्या मते तोच या सगळ्या विषयाची किल्ली आहे. ते म्हणतात, एखाद्या वाईट कृत्याचा विचार करताना माणसाला दोन प्रकारचा आनंद होऊ शकतो. एक आनंद विचार करण्याचा, म्हणजे तर्क लढवण्याचा, कथा जुळवण्याचा. दुसरा आनंद त्या कृत्याचाच, ज्याचा विचार चालला आहे त्याचा. पहिल्यात दोष असेलच असे नाही. दुसऱ्यात मात्र मनाचा ओढा त्या कृत्याकडे वळलेला असतो. आणि तो आनंद जाणूनबुजून कवटाळला तर हात न उचलताही मनाने संमती दिली.

आता हे खेळाला लावून पाहू. चार मित्र एका बेटावर उतरतात, आडोसा शोधतात, एकमेकांना हाका मारतात, शेवटपर्यंत टिकतात. इथे आनंद बहुतेक वेळा नेमबाजीचा, डावपेचांचा, सोबतीचा असतो. पडद्यावर कोसळणारी आकृती जवळजवळ सोंगटी असते. आपण बुद्धिबळात हत्ती मारतो, तेव्हा हत्तीची कणव येत नाही आणि येण्याची गरजही नसते.

दुसरे टोक पाहा. ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ हा खेळ नोव्हेंबर २००९ मध्ये बाजारात आला. त्यात एका प्रसंगात खेळाडू दहशतवाद्यांमध्ये मिसळलेला गुप्तहेर असतो आणि त्याच्यासमोर मॉस्कोच्या विमानतळावरच्या निःशस्त्र प्रवाशांवर गोळीबार होतो. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरच्या हत्याकांडाला तेव्हा एकच वर्ष होत होते. हा प्रसंग वगळून पुढे जाता येते. खेळला तरी स्वतः एकही गोळी न झाडता पार करता येतो. म्हणजे एकाच पडद्यासमोर बसलेले तिघे तीन वेगळ्या गोष्टी करू शकतात. एक जण प्रसंग टाळतो, दुसरा सुन्न होऊन पाहतो, तिसरा पळणाऱ्या माणसांवर नेम धरून हसतो. खेळ एकच, पण अक्वायनस यांच्या तराजूत तिघांचे वजन वेगळे भरते.

हिंसेचा खेळ उलट्या दिशेलाही नेऊ शकतो. पोलंडमधल्या कंपनीचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा २०१४ चा खेळ वेढा पडलेल्या शहरातल्या सामान्य नागरिकांचा आहे. अन्नासाठी म्हाताऱ्या जोडप्याचे घर लुटले, तर आपलेच पात्र खचून जाते. २०२० साली पोलंड सरकारने शाळांच्या शिफारस केलेल्या साहित्यात त्याचा समावेश जाहीर केला.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात व्हिडिओ गेमचा स्पष्ट उल्लेख केला होता. करमणुकीच्या नावाखाली हिंसेचा गौरव करणारी निर्मिती ही विकृती आहे, असा त्यांचा रोख होता. त्यांचा आक्षेप गौरवाला आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. रक्ताचा रंग बदलून गौरव कमी होत नाही.

मी पाहीन, पण बधणार नाही

इथे कोणी म्हणेल, मला फक्त कौशल्याचा आनंद होतो, बाकीचे मला शिवत नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात मित्र अलीपियस याची हकीकत सांगितली आहे. त्याला ग्लॅडिएटरच्या झुंजींचा तिटकारा होता. रोममध्ये मित्रांनी ओढून नेले, तेव्हा तो डोळे मिटून बसला. गर्दीची आरोळी उठली, त्याने क्षणभर डोळे उघडले आणि त्या रक्ताची नशा त्याला चढली. पुढे तो स्वतःच इतरांना ओढून नेऊ लागला. तिथे मरणारी माणसे खरी होती, हा फरक आहेच. पण आपल्या मनावर आपला ताबा आहे, या खात्रीबद्दलचा इशारा आजही लागू पडतो.

आधुनिक संशोधन या बाबतीत सावध आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या १,००४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात हिंसक खेळ आणि मुलांचे आक्रमक वागणे यांचा संबंध आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० च्या ठरावात म्हटले की आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी लहानसा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडायला आधार नाही. मात्र विज्ञान विचारते की मुलगा उद्या कोणाला मारील का. धर्मगुरू विचारतो की आज त्याचे मन कशात रमले. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले, म्हणून दुसरा प्रश्न निकालात निघत नाही.

धनुष्य आणि घड्याळ

खेळावाचून जगावे, असे ही परंपरा सांगत नाही. अक्वायनस यांनी संत योहानाची एक जुनी गोष्ट दिली आहे. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही जण नाराज झाले. त्यांच्यातल्या एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला लावले आणि विचारले, असे सतत करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानाचे उत्तर. खेळ अजिबात नसणे हाही अक्वायनस यांच्या लेखी दोषच आहे. पण आनंद घातक किंवा ओंगळ गोष्टीत शोधू नये, मनाचा तोल जाऊ देऊ नये आणि खेळ व्यक्ती, वेळ, स्थळ पाहून खेळावा, असे तीन निर्बंध ते घालतात.

कार्लो अक्युटिस हा इटलीतला मुलगा २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला संत घोषित केले. त्याच्याकडे प्लेस्टेशन होते आणि त्याने स्वतःला आठवड्याला एका तासाची मर्यादा घातली होती. दिवसाला ३ तास ही मर्यादा कंपनीने घातली. आठवड्याला १ तास ही एका मुलाने स्वतः घातली.

परिस्थिती ही तिसरी कसोटी घरोघरी लागू होते ती इथेच. वडील जहाजावर किंवा आखातात, आई दिवसभर कामात, घरात मोबाइल एकच, आणि थोरला खेळताना पाच वर्षांचा धाकटा खांद्यावरून पाहतो आहे. थोरल्याला जे सोंगटीसारखे दिसते, ते धाकट्याला माणूस मारल्यासारखे दिसू शकते. दुसऱ्याला अडखळायला लावणे हा या परंपरेत स्वतंत्र दोष आहे.

मग त्या पंधरा माणसांचे काय? माझ्या वाचनानुसार मुलाने ती कुमसारात मोजण्याचे कारण नाही. घोर पाप ठरायला गंभीर बाब, पुरती जाणीव आणि मनःपूर्वक संमती ही तिन्ही लागतात. नसलेल्या पापाची धास्ती घेणे हाही विवेकाचा आजारच, असे जुने धर्मगुरू मानत. पण मोबाइल दिला नाही म्हणून बहिणीला मारले असेल, किती वेळ खेळलो याबद्दल खोटे सांगितले असेल, समोरच्या अनोळखी खेळाडूला आईवरून शिव्या दिल्या असतील, कळवळणारी आकृती पुन्हा पुन्हा मारून मजा घेतली असेल, तर ते सांगण्यासारखे आहे.

या कसोटीला एक अडचण आहे. आनंद कशाचा झाला, हे बाहेरून दिसत नाही आणि मुलाला स्वतःलाही नेहमी उमगत नाही. म्हणून मोठ्या माणसाला काही वेळ शेजारी बसावे लागते, खेळ पाहावा लागतो, जमल्यास एखादा डाव हरावाही लागतो. आपण बहुतेक ‘किती वेळ झाला?’ एवढेच विचारतो. त्याच्या जोडीला ‘यात तुला काय आवडते?’ हे विचारायला धर्म कुठला ते आड येत नाही. दिवाळीच्या पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून आपणही नरकासुराला मारतोच. त्या मारण्याचा अर्थ कोणीतरी वडीलधाऱ्याने आपल्याला शेजारी उभे राहून सांगितलेला असतो. मोबाइलमधल्या मारण्याचा अर्थ मुलांना सांगायला अजून फारसे कोणी शेजारी बसलेले नाही.