लाकडाचा धूर वाया का घालवायचा?

लाकूड उघड्यावर पेटवले तर शेवटी राख उरते. तेच लोखंडी बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवले तर कोळसा, आम्लयुक्त पाणी, डांबर आणि जळणारा वायू मिळतो. ऑक्सिजनअभावी लाकडातले मोठे रेणू जळत नाहीत, तुटतात. त्यांपैकी हेमिसेल्युलोज साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसला मोडते आणि त्याला चिकटलेल्या ॲसिटिल गटांपासून ॲसेटिक आम्ल बनते. पुढे सेल्युलोज फुटते. चिवट लिग्निन सावकाश तुटते, आणि मिथेनॉल व फिनॉलवर्गीय द्रव्ये मुख्यतः त्यातूनच येतात. म्हणजे धूर हा कचरा नव्हे, थंड करून गोळा न केलेला माल आहे.

म्हैसूर संस्थानातल्या भद्रावतीच्या लोखंड कारखान्याने हे ओळखले होते. भट्टीसाठी लोणारी कोळसा करतानाच तिथे लाकडाच्या वाफांतून रसायने काढली जात. यावर दोन रास्त आक्षेप आहेत: १९२३ पासून जर्मनीत मिथेनॉल कृत्रिमरीत्या, मोठ्या प्रमाणावर बनू लागले, आणि लाकडासाठी जंगले तुटतात. केवळ मिथेनॉलसाठी झाड तोडणे आज खरोखरच असमर्थनीय आहे. पण कोळसा तर अजूनही पाडला जातो, आणि साध्या भट्टीतून हीच द्रव्ये हवेत जाऊन कामगारांच्या फुप्फुसांत उतरतात. बंद भट्टीत ती थंड करून वेगळी काढता येतात, आणि थंड करूनही द्रवरूप न होणारा वायू भट्टीखालीच जाळून इंधन वाचवता येते. डांबर मात्र जपून हाताळावे लागते. त्यातली काही संयुगे कर्करोगकारक आहेत.