रिकामी सम
रेगेची गोष्ट : भाग ९

मागच्या भागात आपण स्का आणि रॉकस्टेडी उरकून १९६८पाशी थांबलो होतो. त्या साली किंग्स्टनच्या मेयटल्स या तिघांनी 'डू द रेगे' काढलं आणि या संगीताला नाव मिळालं. तिघांत पुढे गाणारा टूट्स हिबर्ट. मधली पन्नास वर्षं ओलांडून आज थेट त्याच्या शेवटच्या अल्बमकडे जाऊ. 'गॉट टु बी टफ', ऑगस्ट २०२०.

आधी ठेका. चार मात्रा मोजा. आपला हात पहिलीवर, समेवर पडतो. भजनातल्या टाळांपासूनची सवय. रेगेच्या 'वन ड्रॉप'मध्ये ड्रमर नेमकी तीच मात्रा रिकामी ठेवतो आणि पायाचा ढोल तिसरीवर पाडतो. देवनार डेपोतून सुटलेल्या बसमध्ये पुढच्या सीटच्या दांड्यावर मी हे बोटांनी वाजवून पाहिलं. चेंबूर येईपर्यंत बोट समेवर आपटतच राहिलं. ती एकदाची गिळता आली, तेव्हा मान आपोआप डोलायला लागली.

टूट्सचा गळा घडला मे पेन गावातल्या चर्चमध्ये. रॅले गॉर्डन आणि जेरी मथायस हे त्याचे झीलकरीच म्हणा ना. हा ओळ टाकणार, ते उचलणार. शाहिरी ऐकलेल्या कानाला यात परकं काही वाटत नाही. शहरात आला तो ट्रेंचटाउनला, न्हाव्याच्या दुकानात. त्याच पश्चिम किंग्स्टनमध्ये कचऱ्याच्या ढिगावर 'डंगल' नावाची वस्ती होती. आमच्याकडे देवनारला १९२७पासून मुंबईचा कचरा येतोय, 'डम्पिंग' म्हटलं की रिक्षावाल्याला पुढचा पत्ता लागत नाही. त्यामुळे डंगलबद्दल वाचताना मला नकाशा उघडावा लागला नाही.

आता अल्बम. मे २०१३मध्ये अमेरिकेत रिचमंडच्या कार्यक्रमात गर्दीतून आलेली दारूची बाटली टूट्सच्या डोक्यावर बसली. तीन वर्षं मंच सुटला. बाटली फेकणारा पोरगा १९ वर्षांचा. त्याला तुरुंगात टाकू नका, असं टूट्सने न्यायाधीशांना कळवलं. स्वतः तुरुंग भोगलेला माणूस होता तो. '५४-४६' हे त्याचं गाजलेलं गाणं त्या दिवसांवरच आहे. (पोराला सहा महिने झालेच.)

म्हणून या अल्बमच्या नावातला 'टफ' मला पोकळ वाटत नाही. दहा गाणी, ७७ वर्षांचा घोगरा आवाज. वरच्या पट्टीत तो चिरतो, आणि टूट्स ते झाकत नाही. 'थ्री लिटल बर्ड्स' हे बॉब मार्लीचं गाणं तो बॉबच्या मुलाबरोबर, झिगीबरोबर गातो. पण मूळ गाण्यातली निवांत समजूत इथे नाही, हा जवळजवळ दरडावतो. झॅक स्टार्कीची गिटार मात्र काही ठिकाणी इतकी दाटते, की रिकाम्या मात्रेला जागाच उरत नाही. मी असतो तर निम्मी काढली असती.

त्याच वर्षी टूट्सने जमैकाच्या फेस्टिव्हल गीत स्पर्धेत नाव दिलं होतं. ही स्पर्धा सुरू झाली १९६६ साली, आणि पहिला मान मेयटल्सचाच. ५४ वर्षांनी म्हातारा पुन्हा रांगेत उभा. या वेळी बुजू बँटन जिंकला. २८ ऑगस्टला अल्बम आला, ११ सप्टेंबरला टूट्स गेला. ग्रॅमी मिळालं ते पुढच्या मार्चमध्ये.