आयसीयूमधला ‘स्कोअर’ आजीबद्दल नेमकं काय सांगतो?

गेल्या वर्षी माझी ८२ वर्षांची आजी न्यूमोनियामुळे आयसीयूत होती. व्हेंटिलेटर लावायचा का, हे आम्हाला ठरवायचं होतं. बाबांनी विचारलं, “डॉक्टर, किती टक्के चान्स?” डॉक्टर म्हणाले, “स्कोअर वाढलाय, पण त्यावरून तुमच्या आईचे टक्के मी सांगणार नाही.” तेव्हा रागच आला. नंतर हा स्कोअर कसा काढतात ते वाचलं, मग राग गेला.

१९८५ पासून वापरात असलेला ‘अपाचे टू’ घ्या. पहिल्या २४ तासांतली ताप, नाडी, बीपी, श्वास, सोडियम, क्रिएटिनिन, शुद्ध अशी १२ मोजमापं घ्यायची, प्रत्येकाचा सगळ्यात बिघडलेला आकडा धरायचा आणि गुण द्यायचे. त्यात वयाचे आणि जुन्या गंभीर आजारांचे गुण मिळवायचे. कमाल ७१. इथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका! त्यात वयाला फार तर ६ गुण, आणि ७५ नंतर सगळे सारखेच. ७६चे आजोबा आणि ९५ची पणजी एकाच रांगेत.

शिवाय हा हिशोब गटाचा. अशा शंभर पेशंटपैकी साधारण किती दगावतील ते कळतं. त्या शंभरात आपली आजी कुठे, ते कळत नाही.

मग एआय? अमेरिकेतल्या ‘मिमिक थ्री’ या आयसीयू डेटावर असे अंदाज बांधणारी खूप मॉडेल्स शिकवली गेली. त्यात गोपनीयतेसाठी ८९च्या वरच्यांचं खरं वय लपवलेलं आहे, त्यामुळे ते ३०० वर्षांचे दिसतात! म्हणजे अतिवृद्धांमधला वयाचा फरक मॉडेलला दिसतच नाही.

वृद्धांसाठी आणखी एक मोजपट्टी आहे, ‘क्लिनिकल फ्रेल्टी स्केल’, १ ते ९. आजारपणाच्या दोन आठवडे आधी माणूस काय काय करत होता, एवढंच ती पाहते. २०१७ साली युरोपातल्या २१ देशांत ऐंशीच्या पुढच्या पाच हजारांवर पेशंटचा अभ्यास झाला. त्यात आधीच खंगलेले लोक ३० दिवसांत जास्त दगावले.

तेव्हा कुठे लक्षात आलं, डॉक्टरांनी “आजी भाजी आणायला जायच्या का?” असं का विचारलं होतं. आत्या म्हणाली होती, “अहो, गच्चीवर पापड घालते ती!” म्हणजे साधारण ३. आम्ही व्हेंटिलेटरला हो म्हटलं.

आजी घरी आली. पण आता जिना चढवत नाही, अंघोळीलाही मदत लागते. म्हणजे ६. ‘अपाचे’च्या हिशोबात मात्र ती फक्त ‘जिवंत’.