दोनशे विमानांचा हिशेब

इंदूरच्या सराफ्यात किंवा बडोद्याच्या एखाद्या पेढीवर मुदती हुंडी मुदतीपूर्वी वटवावयास नेणाऱ्या व्यापाऱ्याला हुंडीवर लिहिलेली पूर्ण रक्कम कधीच मिळत नसे. नव्वद दिवसांनी मिळावयाचे हजार रुपये आज हवे असतील, तर सराफ वटाव कापून घेई व उरलेले हाती ठेवी. वटाव किती असावा ह्याबद्दल घासाघीस होई. तो असावा की नसावा, ह्याबद्दल वाद नसे. पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयाच्या बरोबरीचा नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होते.

कंपन्यांच्या अर्थव्यवहाराच्या आधुनिक शास्त्राचा मोठा भाग ह्याच जाणिवेवर उभारलेला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर ह्यांनी १९०७ व १९३० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तिला शास्त्रीय बैठक दिली. १९५१ साली जोएल डीन ह्यांनी ती कारखान्यातील भांडवली खर्चाच्या निर्णयांना लावून दाखविली. परंतु सराफाला जे कळते, ते मोठमोठ्या कंपन्यांच्या कागदांतून कधी कधी गळून पडते. लॉकहीड ह्या अमेरिकन कंपनीच्या ‘ट्रायस्टार’ विमानाची कथा ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

तीन इंजिनांचे हे प्रचंड प्रवासी विमान १९७० च्या नोव्हेंबरात प्रथम आकाशात गेले. त्याची इंजिने इंग्लंडची रोल्स-रॉइस कंपनी बनवीत होती. त्या इंजिनाच्या खर्चाखाली ती कंपनी दबली आणि १९७१ च्या फेब्रुवारीत तिचे दिवाळे वाजले. लॉकहीडचीही तिजोरी रिकामी होत आली होती. बँका पुढे पैसा देईनात. तेव्हा २५ कोटी डॉलरांच्या कर्जाला सरकारने हमी द्यावी, अशी मागणी अमेरिकेच्या काँग्रेसपुढे आली. कंपनीचे म्हणणे असे की, धंदा मुळात सुदृढ आहे, अडचण केवळ रोख पैशाची आहे. सुमारे दोनशे विमाने खपली की खर्च भरून निघेल आणि पुढील प्रत्येक विमान नफा देईल. पक्क्या व ऐच्छिक मागण्या मिळून १७८ विमानांची नोंद तोवर झाली होती. ऐकणाऱ्याला वाटावे, मुक्काम हाकेच्या अंतरावर आहे.

आकडे सोपे करून हाच हिशेब मांडून पाहू. समजा, विमान सिद्ध करण्यास ९० कोटी डॉलर लागले, आणि बांधणीचा खर्च वजा जाता प्रत्येक विमानामागे ४५ लाख डॉलर उरतात. दोनशे विमानांत ९० कोटी भरून निघतात. चौथ्या वर्षापासून सहा वर्षे, दरवर्षी ३५ ह्याप्रमाणे २१० विमाने गेली, तर एकूण साडेचौऱ्याण्णव कोटी हाती येतात. वहीत साडेचार कोटींचा नफा दिसतो.

आता सराफाच्या नजरेने पाहावे. ९० कोटी आज जातात. परतफेड मात्र चौथ्या वर्षाच्या अखेरीस सुरू होऊन नवव्या वर्षी संपते. भांडवलाला दरसाल दहा टक्के अपेक्षित धरून प्रत्येक वर्षीच्या रकमेवर तितका वटाव कापला, तर त्या साडेचौऱ्याण्णव कोटींची आजची किंमत अवघी साडेएक्कावन्न कोटी भरते. म्हणजे जो व्यवहार वहीत नफ्याचा, तोच खरा पाहता साडेअडतीस कोटींनी तोट्याचा! प्रिन्स्टन विद्यापीठातील उवे राइनहार्ट ह्यांनी १९७३ साली ट्रायस्टारचा प्रत्यक्ष हिशेब ह्याच रीतीने तपासला. भांडवलाची किंमत धरताच खर्च भरून निघण्याचा टप्पा दोनशेच्या बराच पलीकडे सरकतो, असे त्यांनी दाखवून दिले.

ही दहा टक्क्यांची अपेक्षा कोठून आली, असा प्रश्न येथे रास्तपणे विचारता येईल. बँक ज्या व्याजाने कर्ज देते, तो दर येथे कामाचा नाही. भागधारकाने तोच पैसा इतक्याच जोखमीच्या दुसऱ्या उद्योगात घातला असता तर त्याला काय मिळाले असते, ते मोजावयाचे. हा आकडा कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो. तो अनुभवाने ठरवावा लागतो, आणि त्यात चूक होऊ शकते. पण तो शून्य धरणे ही चूक सर्वांत मोठी, आणि ‘दोनशे विमाने’ म्हणणाऱ्याने नेमका तो शून्य धरलेला असतो.

सरकारी हमीने कर्जाचे व्याज उतरते, हे खरे. त्यामुळे विमानाचा धंदा मात्र अधिक फायद्याचा होत नाही. बँकेच्या डोक्यावरची जोखीम करदात्याच्या डोक्यावर जाते, एवढेच. पैसा कोणत्या मार्गाने उभारला ह्यावरून उद्योगाची मूळ किंमत ठरत नाही, असे फ्रँको मोदिग्लिआनी व मर्टन मिलर ह्यांनी १९५८ साली मांडले होते. कर, दिवाळे इत्यादींचा विचार बाजूला ठेवून केलेली ती मांडणी आहे. तरी तिचा गाभा येथे लागू पडतो.

मात्र काँग्रेसपुढील प्रश्नाला आणखी एक बाजू होती, आणि ती दोन्ही पक्षांनी पुरेशी उलगडली नाही. १९७१ पर्यंत विकासावरील पुष्कळसा पैसा खर्च होऊन गेला होता. गेलेला पैसा काम थांबविल्याने परत येत नाही, म्हणून पुढच्या निर्णयात तो धरावयाचा नसतो. प्रकल्प हाती घेताना जो प्रश्न होता, तो १९७१ चा प्रश्न नव्हता. आता पाहावयाचे होते ते इतकेच, की यापुढे किती खर्च यावयाचा आणि यापुढे किती पैसा हाती यावयाचा. तेव्हा जो उद्योग सुरू करणेच चुकीचे होते, तो अर्ध्यावर आल्यानंतर पुरा करणे शहाणपणाचे ठरू शकते. ह्यात विसंगती नाही. पण संचालकाला ती पचत नाही, कारण आरंभीची चूक कबूल केल्यावाचून हा हिशेब मांडता येत नाही. ‘एवढे घातले, आता मागे कसे फिरायचे?’ हे वाक्य मात्र दोन्हीही वेळी निरुपयोगी.

सिनेटर विल्यम प्रॉक्समायर ह्यांनी हमीला कडाडून विरोध केला. प्रतिनिधिगृहात ती १९२ विरुद्ध १८९ मतांनी तरली; सिनेटमध्ये २ ऑगस्ट १९७१ रोजी ४९ विरुद्ध ४८, म्हणजे एका मताने. पुढे हमीखालील कर्ज फिटले आणि १९७७ मध्ये सरकार त्यातून मोकळे झाले. करदात्याला भुर्दंड पडला नाही. भागधारकांची गोष्ट निराळी. त्याच बाजारात मॅकडॉनेल डग्लस कंपनीचे डीसी-१० हे जवळजवळ तसेच विमान आधीच उतरलेले होते. इंजिनांसाठी झालेला विलंब आणि १९७३ नंतर कडाडलेले तेलाचे भाव ह्यांनीही ट्रायस्टारचा घात केला. सारा दोष एका चुकलेल्या हिशेबावर टाकणे अन्यायाचे होईल. १९८१ च्या डिसेंबरात लॉकहीडने हे विमान बंद करण्याचे जाहीर केले. एकूण २५० ट्रायस्टार बांधली गेली. साक्षीत सांगितलेल्या आकड्याहून ती सुमारे पन्नासांनी अधिक होती, आणि कंपनीचा तोटा अडीच अब्ज डॉलरांच्या घरात सांगितला जातो.