गाडीवरचे चिकट डाग

उन्हाळ्यात गाडी उभी करायची म्हणजे आपण आधी झाडाची सावली शोधतो. पण संध्याकाळी पाहावे, तर टपावर आणि काचेवर चिकट डाग पडलेले असतात. मग कोणी ते नखाने खरवडतो, कोणी काथ्याने घासतो, तर कोणी त्यावर थिनर ओततो. डाग जातो, पण त्याच्याबरोबर रंगही जातो. म्हणून डाग काढण्यापूर्वी तो कशाचा आहे, हे ओळखावे.

बाभळीचा डिंक, म्हणजे उर्दूतील गोंद, पाण्यात विरघळतो. पूर्वी कातिब काजळीत हाच डिंक मिसळून शाई तयार करीत. त्यामुळे त्या शाईची अक्षरे ओल्या कापडाने पुसता येत. वडाचा आणि फणसाचा चीक मात्र पाण्याला दाद देत नाही, कारण त्यात रबरासारखा पदार्थ असतो. फणस कापताना हाताला आणि सुरीला तेल लावतात, ते याचसाठी. थंड डोंगराळ भागातील चीड या झाडाची राळ स्पिरिटमध्ये विरघळते. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली पडणारे थेंब तर बहुधा झाडाचे नसतातच! तुडतुडे नावाचे बारीक कीटक मोहोराचा रस शोषतात आणि जास्तीची साखर थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. हे थेंब पाण्याने निघतात. पण तसेच राहू दिले, तर त्यांवर काळी बुरशी वाढते.

आता रंगाचा विचार करू. मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात. बहुतेक नव्या गाड्यांवर सर्वांत वरचा थर पारदर्शक असतो. हे सारे थर मिळून जाडी जेमतेम ०.१ ते ०.१५ मिलिमीटर भरते. खरवडताना पत्रा उघडा पडला, तर तेथे गंज धरतो. टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्या माणसाला असा खर्च जड जातो.

डाग काढण्याची रीत सोपी आहे. गाडी सावलीत आणून थंड होऊ द्यावी. प्रथम भरपूर पाण्याने धूळ धुवावी, कारण धुळीचे कण घासले की ओरखडे उठतात. मग कोमट पाण्यात भिजवलेले मऊ सुती कापड डागावर दहा मिनिटे ठेवावे आणि हलक्या हाताने पुसावे. चीक उरला, तर त्यावर थोडे खोबरेल तेल लावून थांबावे. राळ असेल, तर कापडाला थोडे स्पिरिट लावावे. मात्र आधी कोपऱ्यात, सहज न दिसणाऱ्या जागी करून पाहावे. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ विस्तव नसावा आणि हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे. शेवटी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन गाडी कोरडी करावी.

पुढे डाग चिकटू नयेत म्हणून मोटारीचे मेण लावतात. कार्नोबा नावाचे असे एक मेण ब्राझीलमधील ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून मिळते. मेण लावलेल्या भागावर पाण्याचे गोल थेंब उभे राहतात. पाणी पसरू लागले, की पुन्हा मेण लावण्याची वेळ आली, असे समजावे.

काही लोक डागांना कंटाळून झाडाच्या फांद्याच तोडतात. मित्रांनो, कडक ऊनही रंग फिका करते आणि त्यापासून झाडच गाडीला वाचवते. डाग अर्ध्या तासात निघतो. पण तोडलेली सावली परत यायला अनेक वर्षे लागतात.